कार्तिकातली नवी धोतरं

काशीत राहून गंगेकडे पाठ करून बसणारा माणूस मी एकच पाहिला. पंचगंगा घाटावर सकाळची स्नानं चालू असायची, जो तो पाण्याकडे तोंड करून अर्घ्य देत असायचा, आणि आमचे गणिताचे मास्तर आपलं स्नान उरकून, कोरड्या धोतरावर काळा कोट चढवून, खालच्या पायरीवर पाण्याला पाठ देऊन बसलेले असायचे. नजर वरून उतरणाऱ्या यात्रेकरूंच्या कमरेवर. हे ऐकून कुणाला भलतंच काही वाटेल, आणि मंगला गौरीच्या गल्लीतल्या बायकांना सुरुवातीला ते वाटलंही होतं. मास्तर धोतरं मोजत होते.

कोटाच्या उजव्या खिशात भाजलेले चणे असायचे. खळ न उतरलेलं कोरं धोतर दिसलं की एक चणा डाव्या खिशात जायचा. धुऊन धुऊन मऊ पडलेलं दिसलं की वरच्या खिशात. ठिगळाचं असलं की मांडीवरच्या रुमालात. ऊन अंगावर आलं की तिन्हीकडचे चणे मोजून आकडे वहीत लिहायचे आणि मग चणे खाऊन टाकायचे. "हिशेब उतरला, आता पुरावा कशाला सांभाळायचा?" असं मला एकदा म्हणाले आणि चार-पाच चणे माझ्याही हातावर ठेवले. ठिगळाचे होते.

मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवत असे. त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान, नुकताच बी. ए. झालेला, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींवर मत असलेला. मास्तरांच्या चण्यांवरही माझं मत होतं. ते मी शिक्षकांच्या खोलीत सर्वांना हसवून सांगत असे. पुढं त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बहिणीच्या हातचे पोहे खाऊ लागलो तेव्हाही मागं हसणं काही बंद केलं नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे लोक असतात ना, त्यांतला मी.

मास्तरांचं म्हणणं तसं सरळ होतं. युद्ध संपून थोडी वर्षं झाली होती आणि कापडगिरण्यांच्या शेअरचं वेड कलकत्त्याहून आमच्या चौकापर्यंत पोचलं होतं. आज वर, उद्या खाली. लोक ज्योतिष्यांना विचारून शेअर घ्यायचे. आणि काशीत ज्योतिष्यांना काय तोटा! मास्तर म्हणायचे, गिरणी चालते कशावर? कापड खपलं तर. कापड घेतो कोण? तुम्ही-आम्ही. गिरणीचा हिशेब सहा महिन्यांनी छापून येतो, पण तोच हिशेब लोकांच्या कमरेला आजच नेसलेला असतो. मग आकाशाकडे कशाला बघता?

"पण मास्तर, तुम्ही बघता एक घाट. हिंदुस्थान केवढा," मी म्हणालो होतो.

"शितावरून भाताची परीक्षा, बाबा. आणि शीत कुठलं, ते तर बघ! कलकत्त्याचा दलाल फक्त कलकत्ता बघतो. इथं बंगाली उतरतो, मद्राशी उतरतो, गुजराथी, मारवाडी, आपला वऱ्हाडातला कुणबीसुद्धा. सगळा मुलूख आपल्या पायांनी चालत माझ्यापुढून जातो. आणि तीर्थाला येताना माणूस आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं वस्त्र नेसतो. तेच जर ठिगळाचं असेल, तर घरी काय हालत असेल?"

फक्त धोतरं नाही. पानवाल्याकडे उभं राहून कोण महागाचं मगही पान सोडून साध्या पानावर आला ते बघायचे. कुंभाराच्या दारी जाऊन हलवायांनी रबडीसाठी मातीची किती कुल्हडं मागवली ते विचारायचे. माणसाचा हात आखडला की तो काय काय सोडतो, त्याचा क्रम त्यांनी लावला होता. आधी पान. मग रबडी. मग कपडा. मग मुलाची शिकवणी. देवाची फुलं सगळ्यात शेवटी. "पोट खोटं बोलतं," ते म्हणायचे. "उपाशी माणूसही ढेकर देऊन दाखवील. कंबर खोटं बोलत नाही."

हे वेड त्यांनी वर्गातही नेलं. सातवीच्या परीक्षेत एकदा उदाहरण घातलं: एका घरात दरवर्षी दिवाळीला दोन लुगडी येत, यंदा एकच आलं, पन्नास घरांपैकी तीस घरांत असं झालं, तर गिरणीच्या शेअरचा भाव किती उतरेल? हेडमास्तर खवळले. त्यातच शाळा तपासायला इन्स्पेक्टरसाहेब आलेले. त्यांनी पेपर हातात घेतला आणि विचारलं, "मास्टरजी, इसका उत्तर क्या है?"

मास्तर म्हणाले, "हुजूर, उत्तर माघ में आएगा. अखबार में."

इन्स्पेक्टरसाहेबांनी पेपर घडी करून खिशात घातला. जाताना मात्र एक्क्यात बसण्याआधी त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं. मी जवळच होतो म्हणून ऐकू आलं. "तो क्या कहते हैं मास्टरजी, अभी बेच दूँ?" मास्तरांनी विका म्हणून सांगितलं. माघात भाव खरोखरच उतरला, आणि शाळेची ग्रँट त्या वर्षी विनातक्रार आली.

चौकातल्या दलालानं तर त्यांना गुरूच केलं होतं. तो रोज संध्याकाळी माणसाबरोबर पानाचा विडा पाठवायचा आणि माणूस परत जाताना मास्तरांचं मत घेऊन जायचा. मास्तर फुकट सांगायचे. दलालानं हवेली बांधली. मास्तर दोन भाड्याच्या खोल्यांत, त्याच काळ्या कोटात.

मी एकदा विचारलंच. एवढं कळतं तर स्वतः का घेत नाही?

"नैवेद्याचा स्वयंपाक करणारा चाखून बघतो का?" ते म्हणाले. "माझा रुपया त्यात अडकला की मला धोतरं नवीच दिसायला लागतील. मग मोजून काय उपयोग?"

एवढी साधी गोष्ट मला कुणी कॉलेजात शिकवली नव्हती.

आता आक्कांविषयी सांगितलं पाहिजे. मास्तरांची थोरली बहीण. अकराव्या वर्षी विधवा झालेल्या, तेव्हापासून अलवणात. नागपूरकडून भावाबरोबर काशीला आल्या त्याला तीस वर्षं झाली होती. रोज मंगला गौरीचं दर्शन, एक वेळ जेवण, आणि भावावर सतत करडी नजर. मास्तर घाटावरून आले की त्या आधी खिसे झटकून घेत. "चण्यांनी उंदीर होतात," म्हणत. देवळापासून वीस पावलांवर त्या दोन खोल्या होत्या आणि तिथंच डोळे मिटायचे एवढीच त्यांची इच्छा. ती त्या उघड बोलून दाखवत.

घरमालक वारला आणि त्याचा पुतण्या आला. त्याला घर विकायचं होतं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, मार्गशीर्षाच्या शेवटापर्यंत थांबतो, या दोन खोल्या तुम्हीच विकत घ्या. आक्कांच्या पेटीत पडून असलेल्या जुन्या पाटल्या आणि मास्तरांची पुंजी मिळून किमतीचे दोन हिस्से जमत होते. तिसरा हिस्सा कुठून आणायचा? दलालाकडे मागावं तर मास्तरांची मान खाली होत नव्हती. तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी शेअर घ्यायचं मनात आणलं. नैवेद्य चाखायला निघाले, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून त्यांनी ठरवलं की या वेळी मोजणी दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची. आणि तसंही त्यांना दुसरा इलाज नव्हता, कारण पुराचा गाळ अजून निघालेला नसताना घाटावर घसरून त्यांचा पाय मोडला होता.

त्यांनी मला बोलावलं.

मला का, हे सांगायची आता लाज वाटते. आमच्या काशीतल्या दक्षिणी ब्राह्मणांची घरं बहुतेक दानावर चालत. कुणी राजा, कुणी शेठ येतो, आईबापाचं श्राद्ध करतो, ब्राह्मणांना जेवण आणि धोतरजोड देतो. एका माणसाला वर्षाला नेसायला लागतात किती? दोन, फार तर तीन जोड. कार्तिकात तर घरात ढीग लागायचा. मग ते जोड, खळ न मोडता, घडी न विस्कटता, साहूच्या दुकानी मागच्या दारानं परत जायचे. साहू पाऊण किंमत द्यायचा आणि तेच जोड पुढच्या दारानं पुढच्या यजमानाला विकायचा. एकच जोड एका महिन्यात चारदा दान व्हायचा. सगळ्यांना ठाऊक, आणि कुणीच बोलायचं नाही.

मी मास्तरांच्या घरी पोहे खाताना छाती पुढं काढून सांगितलं होतं, "आमच्याकडे दान घेणं बंद. मी पगार आणतो, बाबांना साफ सांगितलं." सांगितलं होतं हे खरं. बाबा "बरं" म्हणाले होते, आणि पूर्वीसारखेच जात होते. माझ्या पगारात घर चालत नव्हतं. माझ्या बी. ए.ची फीसुद्धा त्या मागच्या दारातून आलेली होती. पण आक्कांनी त्या दिवशी मला पुन्हा पोहे वाढले आणि मास्तर म्हणाले, "शाबास. असा मुलगा पाहिजे." ते ऐकून मी इतका फुगलो की पुढं खरं काय ते सांगायची सोयच उरली नाही.

पाय फळीला बांधलेला, मास्तर खाटेवर बसून मला समजावत होते. "घाटावर यात्रेकरू कोण आणि आपला गाववाला कोण, हे ओळखायला दहा वर्षं लागतात. ते तुला नाही जमणार. तू साहूच्या दुकानी जा. शहरातलं सगळ्यात मोठं दुकान आहे, बाहेरची गिऱ्हाइकी तिथंच. मागल्या कार्तिकात किती जोड गेले, यंदा किती, विचारून ये. माझं नाव सांग, तो देईल. पण खरी गोष्ट पुढं आहे. मागच्या दाराशी उभा राहा. परत किती येतात ते बघ. परत आलेला जोड पुन्हा विकला तर दुकानाचा खप वाढलेला दिसतो, पण गिरणीला एका धाग्याचीही नवी मागणी जात नाही. कळलं?"

"कळलं."

"दुसऱ्या कुणाला पाठवलं नसतं. ज्याच्या घरात दान येतं तो मागच्या दाराचं खरं सांगणार नाही. तुमच्याकडे बंद आहे, म्हणून तुला."

मी मान हलवली. तेव्हाच खरं सांगता आलं असतं.

साहूनं गादीवर बसवून आकडे दिले. "पिछले कातिक से नौ सौ जोड़ा ज्यादा निकला है, मास्टरजी से कहिएगा. बाबा विश्वनाथ की किरपा." मी गल्लीतून वळसा घालून मागं गेलो. मागच्या दाराशी आमच्याच गल्लीतली आठ-दहा माणसं उभी होती, उपरण्याखाली गाठोडी घेऊन. मुनीम जोड मोजून घेत होता, मोठ्यानं. आणि त्याच्यापुढं माझे वडील होते.

त्यांनी मला पाहिलं. दचकले नाहीत. जरा हसून म्हणाले, "अरे, तू इथं कसा? शाळेला फुरसत आहे का आज? त्या बाजूनं जा, इकडं चिखल आहे." मी त्या बाजूनं गेलो.

मास्तरांनी नऊशेचा आकडा वहीत लिहिला आणि विचारलं, "आणि मागच्या दारी?"

आक्का दारात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"काही नाही," मी म्हणालो.

"एकही नाही?"

"एकही नाही. यंदा बंदच झालंय म्हणे."

त्यांनी वहीतला नऊशेचा आकडा पुन्हा एकदा गिरवला. त्यांना शंका आली असावी, पण ती त्यांनी माझ्यावर घेतली नाही. "लोकांकडे पैसा आला म्हणायचा मग," म्हणाले. "बरं झालं. चांगली गोष्ट आहे." आणि दलालाला निरोप पाठवला. कानपूरकडच्या एका गिरणीचे शेअर. आक्कांच्या पाटल्या, त्यांची पुंजी, सगळं.

मी स्वतःची समजूत घातली होती की आमच्या गल्लीतल्या चार गाठोड्यांनी कुठं गिरण्या बुडतात? घरची अब्रू राहील आणि मास्तरांचंही काही बिघडणार नाही. खोटं बोलणारा माणूस हिशेबात नेहमी असाच थोडा उदार असतो.

पौषाच्या आधीच बातमी आली. गिरण्यांची गोदामं भरलेली, माल उठत नाही, भाव निम्म्याखाली. दलालानं स्वतः येऊन सांगितलं आणि तो मास्तरांपुढं रडला; हवेली त्याची शाबूत होती, तरी रडला. पुतण्यानं घर विकलं. अमृतराव घाटापाशी एका अन्नछत्राच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांना धर्मादाय खोली मिळाली. सामान वाहायला मी गेलो होतो. आक्कांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तू होतास म्हणून बरं." ते पाणी मी प्यालो.

पैशाचं मास्तरांनी एकदाही काढलं नाही. ते दुसऱ्याच गोष्टीनं खचले. शाळेच्या वाटेवर, मधल्या सुटीत, मला थांबवून विचारायचे, "कुठं चुकलं रे माझं? खप नऊशेनं वाढलेला. परत काही आलेलं नाही. मग माल उठला नाही कसा?" वर्षभर हेच. मी म्हणायचो, बाजार आहे, मास्तर. शेवटी त्यांनीच निकाल लावला की आपली विद्याच खोटी होती. लोक काय विकत घेतात त्याचा आणि शेअरच्या भावाचा काही संबंध नाही, आधीची सगळी उत्तरं नशिबानं आलेली. वह्या त्यांनी छत्राच्या चुलीला दिल्या. दलालाचा विडा परत पाठवू लागले. घाटावर गेले तरी चारचौघांसारखे पाण्याकडे तोंड करून बसायचे. लोक म्हणाले, मास्तर सुधारले.

त्यांच्या विद्येवर मी आधी हसलो होतो, हे वर सांगितलंच. ती खरी होती हे जगात एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि तो माणूस गप्प होता.

चौथ्या वर्षी माझे वडील गेले. त्याच हिवाळ्यात मास्तर अंथरुणाला खिळले. मला वाटलं, आता झाकायला कुणाची अब्रू उरली आहे? एक दिवस शाळेतून थेट छत्रावर गेलो, तीन मजले चढलो आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं. मागचं दार, रांग, बाबा, माझं खोटं. आक्का कोपऱ्यात वात वळत होत्या.

मला वाटलं होतं ते शिव्या देतील. देवा, दिल्या असत्या तर! मास्तर कोपरावर उठून बसले. डोळ्यांत पाणी आलं आणि चेहरा असा फुलला की मला तिकडं बघवेना.

"परत येत होते? येत होते ना? आक्के, ऐकलंस का! माझं चुकलं नव्हतं! रीत बरोबर होती, आकडाच चुकीचा आला होता!"

आक्कांनी वात खाली ठेवली. "चार वर्षं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "चार वर्षं मी हे जिने चढते आहे." आणि उठून बाहेर गेल्या.

मास्तरांचं तिकडं लक्ष नव्हतं. "कागद दे. पेन्सिल दे. जल्दी." मी दिली. "आपली घरं किती? ऐंशी धर. तुझ्या वडलांचं घर म्हणजे ना मोठं ना छोटं, मधलं. त्यांनी त्या कार्तिकात किती जोड परत दिले? नेमकं सांग. अंदाज नको."

नेमकं मला ठाऊक होतं. मुनीम मोठ्यानं मोजत होता. अकरा. माझ्या बापानं आपल्या हातांनी अकरा जोड त्या दारात ठेवले होते. ऐंशीला अकरानं गुणायला मला कागद लागत नव्हता. आठशे ऐंशी, म्हणजे नऊशेला वीस कमी. सगळा हिशेब तिथंच मिटत होता.

पण अकरा हा आकडा तोंडातून निघेना. अकरा म्हणजे बाबांनी मागितलेली भीक, असं वाटलं. बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता.

"दोन," मी म्हणालो.

"दोन?"

"दोनच."

त्यांनी गुणाकार केला. पुन्हा एकदा केला. एकशेसाठ. मग त्याच्याखाली नऊशे लिहून हळूहळू पुन्हा आडवे झाले.

"नाही रे," ते म्हणाले. "दोनानं एवढा फरक पडत नाही. तू उगाच मनाला लावून घेतलंस. बाकीची चूक माझीच असणार."

मी त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि म्हणालो, "असेल, मास्तर."